व्हेपवर ‘५ टक्के’ लिहिलंय, म्हणजे थोडंच ना?

ताई, नमस्कार.

मी ३६ वर्षांचा. मूळचा नाशिकचा, गेली बारा वर्षं पुण्यात आयटीत आहे. कॉलेजपासून सिगारेट ओढतो, दिवसाला दहा-बारा. दोन वर्षांपूर्वी निकोटिनचे गम आणून बघितले होते, पण चार दिवसांत उचक्या आणि छातीत जळजळ सुरू झाली, सोडून दिले. आमचे साडू इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. त्यांची सिगारेट व्हेपमुळे सुटली आणि तिकडे सरकारी दवाखान्यातच व्हेप घ्या म्हणतात, असं ते सांगतात. म्हणून मार्चमध्ये ऑफिसातल्या एका मुलाच्या ओळखीतून मीही एक डिस्पोजेबल व्हेप मागवला, स्ट्रॉबेरीचा. त्यावर ‘५ टक्के’ लिहिलंय, म्हणजे निकोटिन थोडंच असणार. सिगारेट आता पाच-सहावर आली आहे, चार वाजता टपरीवर आणि रात्री जेवण झाल्यावर. पण व्हेप दिवसभर हातात असतो. सकाळी डोळे उघडले की उशीखालून आधी तोच काढतो. बायकोला सिगारेट कमी झाल्याचा आनंद आहे, व्हेपचं तिला माहीत नाही. परवा माझी सहा वर्षांची मुलगी म्हणाली, “बाबा, तू गुपचूप चॉकलेट खातोस ना? तुझ्या तोंडाला स्ट्रॉबेरीचा वास येतो.” मला काही बोलताच आलं नाही. व्हेप सिगारेटपेक्षा खरंच बरा असतो का? सिगारेट सोडून पूर्ण व्हेपवर जाऊ का?

– एक वाचक, पुणे

नमस्कार.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. उशीखालचा तो व्हेप उचला आणि कपाटात वरच्या खणात कुलूप लावून ठेवा. त्यात द्रवरूपातलं निकोटिन आहे. ते थोडंसं जरी लहान मुलाच्या पोटात गेलं तरी उलट्या होतात, झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. आणि तुमच्या लेकीला तो वास चॉकलेटचा वाटतो. उशीखाली हात घालायला मुलांना काही वेळ लागत नाही. ठेवून आलात की मग वाचा.

आता तुमच्या साडूंबद्दल. ते खरं सांगत आहेत. सिगारेटचं जळतं टोक झुरका घेताना ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं आणि त्या जळण्यातून हजारो रसायनं तयार होतात. फुप्फुसाचा कर्करोग, वर्षागणिक वाढत जाणारी धाप, हृदयविकार यांचं मूळ मुख्यतः या धुरात असतं, त्यातल्या टारमध्ये आणि कार्बन मोनॉक्साइडमध्ये. व्हेपमध्ये काही जळत नाही. आत एक छोटी तार असते, ती बॅटरीवर तापते आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वास यांचं मिश्रण वाफेसारखं होऊन आत जातं. टार नाही, कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही. म्हणून जो माणूस सिगारेट पूर्ण बंद करून फक्त व्हेप घेतो, त्याच्या शरीरात जाणारं विष बरंच कमी होतं, आणि हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही. निरुपद्रवी मात्र तो नव्हे. वीस-तीस वर्षं व्हेप ओढलेली माणसं जगात अजून फारशी नाहीत, त्यामुळे लांबचं चित्र कोणाच्याच हातात नाही.

साडूंच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना व्हेप दिला, निम्म्यांना निकोटिनचे गम, अंगाला लावायचे पॅच वगैरे. वर्षाने बघितलं तर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, गम-पॅचवाल्यांपैकी ९.९ टक्के. फरक मोठा आहे. पण त्याच अभ्यासात पुढे असंही दिसलं की व्हेपने सिगारेट सोडलेल्या दहांपैकी आठ जण वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गम-पॅचने सुटलेल्यांत अजून ते वापरणारे दहांत एक सापडायचा. शिवाय दोन्ही गटांतल्या लोकांना पहिला महिनाभर दर आठवड्याला समोर बसून बोलणारं प्रशिक्षित माणूस मिळत होतं. आपल्याकडे साडूंकडून व्हेपची बातमी येते, त्या बोलणाऱ्या माणसाची येत नाही.

आणि साडूंचा व्हेप आणि तुमचा व्हेप यांत नाव तेवढं सारखं आहे. ब्रिटनमध्ये एका मिलीलिटरमध्ये २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, काय काय घातलंय ते विक्रीआधी सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं, आणि एकदा वापरून टाकायचे व्हेप तर १ जून २०२५ पासून विकायलाच बंदी आहे. म्हणजे तुमच्याजवळ आहे तसला डिस्पोजेबल तिथल्या दुकानदाराला कायद्याने विकताच येत नाही.

आता ते ‘५ टक्के’. हे वाचून मला वाईट वाटलं, कारण तुम्ही हुशार आहात, हिशोब कळणारे आहात, आणि तरी त्या आकड्याने तुम्हाला फसवलं. ५ टक्के म्हणजे १०० मिलीलिटरमध्ये ५ ग्रॅम, एका मिलीलिटरमध्ये ५० मिलीग्रॅम. ब्रिटनच्या मर्यादेच्या अडीचपट. एक सिगारेट ओढल्यावर अंगात जातं ते साधारण एक-दीड मिलीग्रॅम. पूर्वीच्या व्हेपमध्ये एवढं निकोटिन घातलं असतं तर घशाला आग लागली असती आणि माणूस आपोआप थांबला असता. आता त्यात आम्ल मिसळून निकोटिनचा क्षार करतात, त्यामुळे घसा खवखवत नाही, वर स्ट्रॉबेरी. शिवाय सिगारेट संपते. थोटूक विझवावं लागतं, दुसरीसाठी जिना उतरावा लागतो, पाऊस असेल तर छत्री शोधावी लागते. व्हेपला शेवटचा झुरका नसतो. तो बाथरूममध्ये चालतो, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद केला की चालतो, अंथरुणात चालतो. सकाळी दात घासायच्या आधी पहिला हात उशीखाली जातो, यावरून मला दिसतं की मार्चनंतर तुमचं निकोटिन कमी झालेलं नाही, वाढलेलं असण्याचीच शक्यता जास्त आहे. सिगारेट बारावरून सहावर आली ही खरी गोष्ट आहे, पण तलफ तिथेच आहे, फक्त तिने जागा बदलली.

कायद्याचंही तुम्हाला माहीत असायला हवं. भारतात २०१९च्या सप्टेंबरात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट, म्हणजे व्हेपच, बनवणं, आयात करणं, वाहून नेणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्याला बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा केला तर सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी वेगळं कलम नाही, पण व्हेप जवळ बाळगणंसुद्धा कायद्याचं उल्लंघन आहे असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं म्हणणं आहे. त्यामुळे साडूंना येताना दोन-चार घेऊन या म्हणून सांगू नका. ती आयात होते, आणि विमानतळावर अडचणीत ते येतील. थायलंड किंवा सिंगापूरच्या सहलीलाही खिशात टाकून जाऊ नका, तिथेही बंदी आहे.

माझी मुख्य काळजी मात्र पोलिसांची नाही. बंदी असल्यामुळे तुमच्या हातातला माल कोणीच तपासलेला नाही. ‘५ टक्के’ हे फक्त त्या डबीवर छापलेलं आहे. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्या तरुण मुलांची फुप्फुसं अचानक निकामी व्हायला लागली. २०२०च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं आणि ६८ जण गेले. शोध घेतल्यावर बोट गेलं ते व्हिटॅमिन ईच्या एका तेलकट रूपाकडे. गांजाच्या अर्काचे व्हेप चोरून विकणारे लोक द्रव दाट दिसावा म्हणून ते मिसळत होते. तुमचा व्हेप गांजाचा नाही, हे मला समजतं. पण तो कोणाच्या तरी ओळखीच्या ओळखीतून आला आहे, आणि आत काय आहे हे ना तुम्हाला ठाऊक, ना त्या मुलाला.

म्हणून पूर्ण व्हेपवर जा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लेस्टरला असता तर कदाचित वेगळं बोलले असते. पण व्हेप फेकून पुन्हा बारा सिगारेटींवर जाणं सगळ्यात वाईट, तेही करू नका. आणि आज चाललंय ते, म्हणजे व्हेप अधिक पाच-सहा सिगारेटी, यात फायदा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. निम्म्या सिगारेटी म्हणजे निम्मा धोका असं आपण धरून चालतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटींच्या संख्येबरोबर बराचसा खाली-वर होतो, हे खरं. हृदयाचं गणित वेगळं आहे. २०१८ साली १४१ अभ्यासांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा दिसलं, की रोज वीस ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका जेवढा वाढतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास धोका रोज फक्त एक ओढणाऱ्यालाही असतो. छत्तिशीत, बसून काम करणाऱ्या माणसाने ही गोष्ट मनात ठेवावी.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे त्याकडे येते. तुमच्या पत्रात तुम्ही एका ओळीत गमचा विषय संपवलात. चार दिवस, उचक्या, जळजळ, बंद. मी तंबाखूमुक्तीच्या ओपीडीत बरीच वर्षं समुपदेशन केलं आहे आणि ही ओळ मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे, की माझा यावर खरंच जीव तुटतो. गम वाया गेला नव्हता. तो कसा चावायचा हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मेडिकलमध्ये पाकीट मिळतं, पैसे देतो, घरी येतो. आतला कागद इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. माणूस तो च्युइंगमसारखा चावतो.

ओपीडीत मी गम हातात देऊन समोरच्या खुर्चीवर बसवायचे आणि म्हणायचे, आता चावा. बहुतेक जण कचाकचा सुरू करायचे. दुसऱ्या मिनिटाला उचकी. निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं, ते थुंकीबरोबर पोटात गेलं की उपयोग काही होत नाही, उचकी, मळमळ आणि जळजळ तेवढी पदरात पडते. एकदा एक एसटीचे चालक आले होते, बिडी ओढणारे. त्यांना दोनदा सांगूनही जमेना. शेवटी मी विचारलं, “तुमच्याकडे कोणी तंबाखू खायचं का?” म्हणाले, “वडील. मळून गालात बार धरायचे.” म्हटलं, “बस, तसा धरा.” एका क्षणात जमलं. गालात धरून ते शांत बसले, डोळे मिटून, आणि पाच-सात मिनिटांनी म्हणाले, “उतरली की हो तलफ.” ती खुर्ची मला अजून आठवते.

तर गम असा घ्यायचा. तोंडात टाकून अगदी सावकाश चावायचा, दहा-पंधरा वेळा. जिभेला मिरी लागल्यासारखी चुणचुण व्हायला लागली की थांबायचं आणि गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सरकवून ठेवायचा. हलवायचा नाही. मिनिटभरात चुणचुण ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावायचा आणि दुसऱ्या गालात ठेवायचा. असं अर्धा तास. थुंकी शक्यतो भराभर गिळायची नाही. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नाही, पाणी चालेल. या पेयांनी तोंडात आंबटपणा येतो आणि निकोटिन आत शिरतच नाही. मला खात्री आहे की दोन वर्षांपूर्वी तुम्ही गम चार वाजता टपरीवर, हातात कटिंग घेऊन खाल्ला असणार.

दुसरी चूक आकड्याची. लोक दिवसाला दोन-तीन गम खातात, तेही तलफ डोक्यात गेल्यावर, आणि म्हणतात काही होत नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक घ्यायचा असतो, तलफ येण्याची वाट न बघता. दिवसाला आठ-दहा तरी होतात. मग हळूहळू अंतर वाढवत एकूण तीन महिने. गमची सवय लागेल की काय ही भीती सगळ्यांना असते. गममधलं निकोटिन सावकाश चढतं. सिगारेटीचं दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि व्हेपचंही झटक्यात, व्यसन जडतं ते त्या झटक्यामुळे. गम सोडणं त्या मानाने पुष्कळ सोपं जातं.

दोन मिलीग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, चारचा हवा तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते. तुम्ही उठल्या उठल्या निकोटिन घेता, म्हणजे तुमची ओढ तीव्र आहे, नुसत्या दोनच्या गमवर तुमचं भागेल असं मला वाटत नाही. म्हणून एकदा डॉक्टरांकडे जाच. त्यांना व्हेपचंही सांगा, लाजू नका, ‘५ टक्के’ हा आकडाही सांगा. अंगाला लावायचा निकोटिनचा पॅच आणि वर तलफेपुरता गम, असं दोन्ही मिळून एकट्या गमपेक्षा चांगलं काम करतं. पॅच दिवसभर पाया धरून ठेवतो. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन अशा गोळ्याही आहेत, त्या चिठ्ठीवरच घ्यायच्या. रक्तदाबाची, साखरेची, मनाच्या आजाराची काही औषधं चालू असतील तर तेही बोला, कारण सिगारेट सुटल्यावर काही औषधांचा डोस बदलावा लागतो.

आणि बोलायला माणूस आपल्याकडेही आहे. १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, फुकट नंबर. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधूनही तिचं केंद्र चालतं, मराठीत बोलतात, आणि पुढे तेच तुम्हाला परत फोन करत राहतात. हा नंबर सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. तुम्ही टपरीवर सुटी सिगारेट घेत असाल तर तो तुमच्या नजरेलाच पडला नसेल. महाराष्ट्रात २०२० पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, त्यामागे एक कारण हेही होतं की पाकिटावरचा इशारा घेणाऱ्याला दिसतच नाही.

एक तारीख ठरवा, आजपासून दोन आठवड्यांच्या आत. त्या दिवशी सिगारेट आणि व्हेप दोन्ही बंद. आधी एक मग दुसरं असं तुमच्या बाबतीत करू नये असं माझं मत आहे, कारण मार्चपासून तुम्ही तेच करून बघता आहात. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. चिडचिड होईल, झोप मोडेल, मुलीवर विनाकारण ओरडाल. तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटांची असते, तेवढा वेळ गम आणि चालणं. चहा-कॉफी निम्म्यावर आणा. धुरामुळे शरीर कॅफिन भराभर जाळत असतं, धूर थांबला की तेवढीच कॉफी दुप्पट अंगावर येते, छाती धडधडते, रात्री टक्क जाग राहते, आणि माणसाला वाटतं सिगारेट सोडल्यामुळेच हे झालं. चार वाजताची टपरी पहिले तीन आठवडे पूर्ण टाळा. मित्रांना कारण सांगून टाका. त्यांतला एखादा तरी बाजूला घेऊन तुम्हाला गमबद्दल विचारेल, हे मी पाहिलेलं आहे.

व्हेप ओल्या कचऱ्यात टाकू नका, जाळू तर अजिबात नका. आत लिथियमची बॅटरी असते. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

राहिली बायको. तिला आज रात्री सांगा, मुलगी झोपल्यावर. सिगारेट कमी झाली म्हणून ती मनापासून खूश आहे आणि तो आनंद अर्धवट गोष्टीवर उभा आहे, हेच तुम्हाला आतून टोचतं आहे, नाहीतर मुलीच्या एका वाक्याने तुम्ही इतके हलला नसता. ती रागावेल. लपवल्याबद्दल रागावेल. तिला रागावू द्या, मध्येच आपली बाजू मांडू नका, आणि मग ठरवलेली तारीख तिला सांगा. पहिल्या आठवड्यात घरात तुम्ही का चिडताय हे माहीत असलेलं एक माणूस हवंच. मुलीला एवढंच पुरे, की बाबा चॉकलेट खात नव्हता, एक वाईट वस्तू ओढत होता आणि आता ती बंद करतो आहे. तिच्यासमोर गम च्युइंगमसारखा चघळू नका आणि त्याचं पाकीटही त्याच कुलपात ठेवा.

तारखेनंतरच्या पहिल्या आठवड्यात रोज किती गम लागले ते एका कागदावर लिहा आणि मला कळवा. आकडा तीन-चार असेल आणि तलफ छळत असेल, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी तो आठ-दहावर न्या.